गिल्टी कशाबद्दल?

मागच्या डिसेंबरात एका मित्राच्या गच्चीवर पार्टी होती. तिशीत पदार्पण वगैरे. त्यानं दोन आठवडे खपून प्लेलिस्ट बनवली होती. आइसलँडचा कुठलासा बँड, जपानी जॅझ, आणि एका गाण्यात तर एक बाई सहा मिनिटं नुसती श्वास घेत होती. माणसं कठड्याला टेकून उभी, एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात फोन. साडेअकराच्या सुमारास यजमानाचं लक्ष नाही असं बघून कुणीतरी 'आय विल सर्वाइव्ह' लावलं. सुरुवातीची ती पियानोची लहर आली, ग्लोरिया गेनरनं तोंड उघडलं, आणि तोवर अर्धी गच्ची मधोमध जमलेली. मग 'ल फ्रीक', मग 'डिस्को इन्फर्नो', मग कुणीतरी 'आप जैसा कोई'. संध्याकाळभर एकमेकांशी अक्षर न बोललेली माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत होती आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

यजमान माझ्या शेजारी येऊन जरा ओशाळून म्हणाला, "चालायचंच रे. प्रत्येकाची गिल्टी प्लेजर असतात."

हा लेख त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

आपल्या आधीच्या पिढीकडे यासाठी अस्सल मराठी शब्द होता: धांगडधिंगा. घरातला टेप जोरात लागला की आतून आवाज यायचा, "बंद करा तो धांगडधिंगा." आपण तेवढे उघडपणे कुणाला झापत नाही. आपण म्हणतो, "मी हे आयरॉनिकली ऐकतो." किंवा वाढदिवसाला 'रेट्रो थीम' ठेवतो, ऑनलाइन मागवलेले कुरळ्या केसांचे टोप घालतो, गळ्यात बप्पीदांची खोटी सोनसाखळी, आणि चार फोटो टाकून मोकळे होतो. आजोबांचा तिरस्कार निदान सरळ होता. आपला तिरस्कार नाचून घेतो आणि मग हात झटकतो.

माझं म्हणणं असं आहे की डिस्कोबद्दलची ही तुच्छता संगीत ऐकून तयार झालेलीच नाही. ती तयार झाली ती नाचणारी माणसं कोण आहेत हे बघून.

डिस्को म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो पांढऱ्या सुटातला जॉन ट्रॅव्होल्टा, एक बोट आकाशाकडे. तो 'सॅटरडे नाइट फीव्हर' हा १९७७ चा सिनेमा. गंमत अशी की तो ज्या मासिकातल्या लेखावरून बेतला होता, तो बराचसा आपण मनानेच रचला होता, अशी कबुली त्याचा लेखक निक कोन यानं पुढे वीसेक वर्षांनी दिली. म्हणजे जगभरात डिस्कोचा अधिकृत चेहरा ठरलेला ब्रुकलिनचा गोरा नर्तक हाच मुळात बनावट कागदपत्रांवर आलेला.

खरी सुरुवात बघायची तर न्यूयॉर्कला, आणि तीही क्लबात नव्हे, एका घरात. १९७० च्या व्हॅलेंटाइन डेला डेव्हिड मँकुसो नावाच्या माणसानं ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत पार्टी दिली. पूर्वी गोदाम असलेली ती जागा पुढे 'द लॉफ्ट' म्हणून ओळखली गेली. दारू विकायची नाही, फळांचा रस ठेवायचा, छताला फुगे, आणि स्पीकर असे की लोक त्यांच्याबद्दल आजही हळवे होऊन बोलतात. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. हा बडेजाव नव्हता. येणाऱ्यांत समलिंगी पुरुष होते, कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोहून आलेल्या घरांतली मुलं होती. त्याच्या जेमतेम आठ महिने आधी, जून १९६९ मध्ये, याच शहरात स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली होती आणि पहिल्यांदाच आतली माणसं मुकाट्यानं गाडीत बसली नव्हती. दोन पुरुषांनी एकमेकांसोबत नाचणं एवढंही त्या काळात धाडीला निमित्त म्हणून पुरायचं. अशा शहरात रात्रभर दार लावून नाचता येणं ही चैन नव्हती. ती श्वास घ्यायची जागा होती.

बरं, हे सगळं मान्य, पण संगीताचं काय, असं माझा यजमान मित्र म्हणेल. 'सगळी गाणी एकसारखी. नुसता ठोका.'

ठोक्यापासूनच सुरू करू. फिलाडेल्फियात अर्ल यंग नावाचा ड्रमर होता. १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात त्यानं पायानं वाजवायचा मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखा ठेवला, आणि मधल्या रिकाम्या जागांत हाय-हॅटची जोडझांज उघडमीट करत नेली. ऐकायला एवढंच. पण या एवढ्याशा कारागिरीनं नाचण्याचं दार सताड उघडलं. पाय कधी टाकायचा हे आता शिकवावं लागत नव्हतं. ज्याला नाच येत नाही त्याचाही पाय बरोबर पडणारच. आणि खाली जमीन एवढी पक्की असल्यामुळे वर बाकीच्यांना हवा तेवढा खोडसाळपणा करता येतो. बास-गिटार ठोक्याशी लपंडाव खेळते, व्हायोलिनचा ताफा मध्येच झेपावतो, गायिका मात्रेच्या मागे रेंगाळते. तीनतालाचा ठेका तासभर तोच असतो, म्हणून तबलजीवर कुणी 'रिपीट मारतोय' असा आरोप केल्याचं मी ऐकलेलं नाही. वारीत टाळ मैलोन्‌मैल तोच वाजतो. तिथे आपल्याला त्यात समाधी दिसते. डिस्कोतच तेवढा आपल्याला कंटाळा का बरं दिसतो?

मग गाण्यांची लांबी. रेडिओसाठीची गाणी तीन मिनिटांची, सात इंची तबकडीवर मावणारी. नाचणारे जरा रंगात येतात तोच गाणं संपलं. टॉम मोल्टन या मिक्सरनं गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या म्हणून त्याचं गाणं मोठ्या चकतीवर कापलं गेलं. जागा जास्त मिळाल्यावर खाचा रुंद झाल्या, आणि खाचा रुंद झाल्यावर आवाज, विशेषतः खालचा बास, दणदणीत उमटला. या अपघातातून बारा इंची सिंगल आली. १९७६ मध्ये 'टेन पर्सेंट' नावाचं गाणं वॉल्टर गिबन्स या डीजेनं नऊ मिनिटांच्या पुढे नेलं आणि ते बारा इंची तबकडीवर दुकानात विकायला आलं. आज तुम्ही 'एक्स्टेंडेड मिक्स' किंवा 'रिमिक्स' हे शब्द सहज वापरता ना, ते या खटपटीतून आले आहेत.

या लांब गाण्यांत एक जागा असते, जिथे सगळी वाद्यं गळून पडतात आणि फक्त तालवाद्यं उरतात. गणपतीत पुण्यात उभं राहून ढोल-ताशा ऐकला असेल तर तुम्हाला ही जागा माहीत आहे. ढोल थांबतात, एकटा ताशा तडतडत राहतो, सगळ्यांना कळतं की आता येणार, आता येणार, आणि मग चाळीस ढोल एकदम कोसळतात. त्या क्षणी अंगावर काटा येतो की नाही? डीजेचं सगळं कसब ही जागा किती ताणायची यात. समोर तीनशे माणसं आहेत, कोण दमलंय, कोण निघायच्या बेतात आहे, हे बघून तो ठरवतो. हे मैफलीचंच शास्त्र आहे. फरक एवढाच की इथे श्रोते बसलेले नसतात.

मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे गंभीर संगीत म्हणजे बसून ऐकायचं. मान डोलावली तर दर्दी, कंबर हलली तर चवचाल. शरीरानं दिलेली दाद आपण दाद म्हणून धरतच नाही.

आणि 'आशय नाही' असं म्हणणाऱ्यांनी ही गाणी कशी जन्मली तेवढं तरी पाहावं. 'ल फ्रीक' घ्या. १९७७ च्या शेवटच्या रात्री नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स हे 'शीक'चे दोन कृष्णवर्णीय वादक, गायिका ग्रेस जोन्सनं बोलावलं म्हणून, 'स्टुडिओ ५४' या क्लबच्या दारात गेले. दारवानानं त्यांना आत सोडलं नाही. आत बहुधा त्यांचीच गाणी वाजत असणार. दोघं घरी आले आणि वाद्यं घेऊन बसले. त्या दारवानाला उद्देशून एक सणसणीत शिवी त्यांनी तालात बसवली. पुढे शिवीच्या जागी सभ्य शब्द घातले आणि वर्षभरात ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. लग्नाच्या संगीतात आत्या-मावशा ज्यावर गोल फिरतात, ते मुळात दारातून हाकललेल्या दोन माणसांनी हाणलेलं उत्तर आहे.

'आय विल सर्वाइव्ह'ही तसंच. रंगमंचावर पडल्यामुळे ग्लोरिया गेनरच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती. गाणं मुद्रित करताना तिच्या पाठीला पट्टा होता. लिहिणाऱ्यांपैकी एक, डिनो फेकारिस, नोकरीवरून काढला गेलेला. कंपनीनं ते गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं. डीजेंनी तबकडी उलटी केली. १९७९ च्या मार्चमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे एड्सच्या साथीत, मित्रांच्या मागून मित्र जात असताना, समलिंगी क्लबांत ते ज्या अर्थानं गायलं गेलं तो अर्थ लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. सिल्व्हेस्टर नावाचा गायक होता. चर्चमध्ये गात वाढलेला, कृष्णवर्णीय, उघडपणे समलिंगी, हवं तेव्हा बायकांचे कपडे घालणारा. त्याचं 'यू मेक मी फील' हे १९७८ चं गाणं ऐका. भजनातला गजर आणि ते यांत फारसं अंतर नाही. १९८८ मध्ये तो एड्सनं गेला. गाण्यांचं मानधन त्यानं एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे ठेवलं होतं. आशय म्हणजे आणखी काय हवं असतं?

आता ती रात्र. १२ जुलै १९७९, शिकागो, कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. स्टीव्ह डाल या रेडिओ-निवेदकाची नोकरी त्याचं स्टेशन डिस्कोकडे वळल्यानं गेली होती. नव्या स्टेशनवर त्यानं डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली. त्या दिवशी दोन सामने होते. एक डिस्को रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटांत तिकीट मिळवा, मध्यंतरात आम्ही त्या सगळ्या रेकॉर्ड मैदानात स्फोटानं उडवू, अशी जाहिरात झाली. पन्नासेक हजार लोक आले. स्फोट झाला, मैदानाला खड्डा पडला, हजारो तरुण आत घुसले, जाळपोळ झाली, पोलीस आले. दुसरा सामना होऊच शकला नाही. तो यजमान संघानं हरल्याचं जाहीर झालं.

डालचं आजवरचं म्हणणं असं की यात वंशद्वेष नव्हता, समलिंगींचा द्वेष नव्हता, रॉक आवडणाऱ्या पोरांची ती नुसती मस्ती होती. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण त्या रात्री तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे लोकांनी आणलेल्या ढिगात कितीतरी रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच. त्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या, एवढंच. नावडतं संगीत माणूस बंद करतो. ते जमवून, ढीग रचून, टाळ्यांच्या गजरात स्फोटकांनी उडवावं असं त्याला वाटतं, तेव्हा गोष्ट चालीपुरती राहिलेली नसते.

पुढच्याच फेब्रुवारीत 'आय विल सर्वाइव्ह'ला सर्वोत्कृष्ट डिस्को मुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. त्या विभागात दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं पारितोषिक. विभागच बंद करून टाकला. रेकॉर्ड कंपन्यांनी 'डिस्को' शब्द पाटीवरून पुसला आणि 'डान्स' लिहिला. माल तोच. 'गुड टाइम्स'ची बास-ओळ त्याच सप्टेंबरात 'रॅपर्स डिलाइट'मध्ये वाजली आणि रॅप घराघरांत गेलं. पुढच्या वर्षी 'क्वीन' या रॉक बँडनं तिच्या सख्ख्या नात्यातली ओळ घेऊन आपलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' गाजवलं. तिथे मात्र ती रॉक झाली, आणि कुणालाही गिल्टी वाटलं नाही. आणि शिकागोतच, 'द वेअरहाउस' नावाच्या क्लबात, न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्या कापत-जोडत राहिला. त्या क्लबच्या नावावरून 'हाउस' हा शब्द पडला असं मानतात. त्या मैदानावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हाउसच्या पहिल्या रेकॉर्डपैकी एकाच्या निर्मितीत होता. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पहाटे चार वाजता तुम्ही डोळे मिटून ज्यावर डोलता, त्याच्या वंशावळीत ही जळालेली चकती आहे.

डिस्कोत कचरा नव्हता असं मी म्हणत नाही. भरपूर होता. १९७६ मध्ये 'डिस्को डक' नावाचं, बदकाच्या आवाजातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. हौस असेल तर ऐका आणि मला दोष देऊ नका. 'स्टुडिओ ५४'ची मखमली दोरी हा तर डिस्कोनं डिस्कोचाच केलेला विश्वासघात: लॉफ्टमध्ये ज्यांना जागा होती, त्यांना इथे दारावर चेहरा बघून परत पाठवलं जायचं. मालकांना पुढे करचुकवेगिरीत तुरुंगवास झाला. पण वाईट ख्याल ऐकून कुणी ख्यालगायकीला दोषी ठरवत नाही, आणि 'गिल्टी प्लेजर' म्हणणारा माणूस काही 'डिस्को डक'बद्दल बोलत नसतो. तो जे सगळ्यात उत्तम आहे त्याबद्दल बोलत असतो.

'पण हे आपलं नव्हेच, उसनं आहे,' असाही एक सूर असतो. बेंगळुरूचा बिद्दू नावाचा मुलगा साठच्या दशकात इंग्लंडला गेला. १९७४ मध्ये त्यानं निर्माण केलेलं 'कुंग फू फायटिंग' ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. (तेही तबकडीच्या मागच्या बाजूसाठी केलेलं. डिस्कोत मागच्या बाजूला टाकलेल्यांचा इतिहास फार मोठा आहे.) युरोपात डिस्को घडवणाऱ्यांत हा आपला माणूस पहिल्या फळीत होता. फिरोज खाननं त्याला 'कुर्बानी'साठी गाठलं आणि १९८० मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या, पंधराएक वर्षांच्या नाझिया हसन या पाकिस्तानी मुलीच्या आवाजात 'आप जैसा कोई' आलं. तिला फिल्मफेअर मिळालं. म्हणजे बेंगळुरूचा संगीतकार, कराचीची गायिका, लंडनचा स्टुडिओ, मुंबईचा सिनेमा. उसनं कोण कुणाकडून घेतंय? दोन वर्षांनी 'डिस्को डान्सर' आला. बप्पी लाहिरींनी चाली उचलल्या, हे खरंच आहे. पण रस्त्यावर गाणाऱ्या गरीब पोरानं स्टेज काबीज करायची ती गोष्ट सोव्हिएत रशियापर्यंत का पोचली, हे त्यांच्या सोन्यावरचे मीम फिरवणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं.

आणि 'हे सगळं अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे नाचाला कोण विरोध करतंय' असं वाटत असेल, तर महाराष्ट्राचा २००५ चा कायदा काढून बघा. डान्स बार बंद केले गेले. हजारो बायकांचा रोजगार गेला. त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट होती. गाणी तीच, सिनेमातली. ठोका तोच. पनवेलच्या बारमध्ये एखादी बाई त्यावर नाचली तर समाजाची नीतिमत्ता धोक्यात, आणि जुहूच्या हॉटेलात त्याच गाण्यावर तेच हातवारे म्हणजे मनोरंजन. हा भेद उच्च न्यायालयाला २००६ मध्ये पटला नाही, सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये पटला नाही. सरकारनं मग काय करावं? २०१४ मध्ये सूटच काढून टाकली आणि सगळीकडे बंदी केली. पुन्हा न्यायालय, पुन्हा २०१६ चा नवा कायदा, पुन्हा अटी. त्या वादात आपल्यातल्या किती सुशिक्षित, प्लेलिस्टवाल्या लोकांनी त्या बायकांच्या बाजूनं तोंड उघडलं होतं? मी तेव्हा शाळेत होतो, मला सूट आहे. पण घरात टीव्हीसमोर झालेलं बोलणं मला आठवतं. 'बरं झालं, तो धांगडधिंगा बंद झाला.' त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्याच गाण्यांवर सगळे नाचले होते, बोलणाऱ्यांसकट.

त्या मित्राला मी त्या रात्री यातलं काही बोललो नाही. वाढदिवस त्याचा होता, आणि बासच्या आवाजात ऐकूही गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याला एकच लिंक पाठवली: डोना समरचं 'आय फील लव्ह', १९७७, म्युनिकच्या स्टुडिओत जॉर्जिओ मोरोडर आणि मंडळींनी जवळजवळ सगळंच सिंथेसायझरवर उभं केलेलं, आठ मिनिटांचं पूर्ण रूप. सोबत लिहिलं, फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, त्यात बास येतच नाही. हेडफोन लाव आणि उभा राहून ऐक.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर रात्री एक वाजता आलं: "खालच्या काकू आत्ता येऊन गेल्या. काय वाजवतोयस म्हणाल्या."

मी विचारलं, मग?

"लिंक मागितली."